हतनूरच्या फुगवट्यात एकट्याने दोन रात्री : ऑक्टोबरच्या लहरी हवेत कॅनोची आखणी

प्रकरण असं. जळगावात नोकरी करणारा चाळिशीतला माणूस. पोहणं पक्कं आहे आणि शांत पाण्यावर वल्हवण्याचा दोन हंगामांचा सराव आहे, पण रात्रीचा मुक्काम आजवर कायम सोबतीनेच केलेला. कॅनो पंधरा फुटी, दोन बैठकांची, फायबरची, वजन ३५ किलो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात रजा मिळते आहे आणि हतनूर धरणाच्या फुगवट्यात एकट्याने दोन रात्री काढायच्या आहेत. माणूस कल्पित आहे, त्याच्या तीन दिवसांतले आकडेही आखणी दाखवण्यासाठी घेतलेले आहेत. जागा, पाण्याची चाल आणि हवेची कारणं मात्र तिथलीच.

पहिला प्रश्न तो सगळ्यांसारखाच विचारतो: "त्या तीन दिवसांत पाऊस आहे का?" या सहलीसाठी हा प्रश्न अपुरा आहे.

डोक्यावरचं आभाळ आणि वरच्या अंगाचं पाणी

तापी आणि पूर्णा चांगदेवला एकत्र येतात. त्याच्या खाली भुसावळ तालुक्यात हतनूरचं धरण आहे: ४१ दरवाजे, पूर्ण संचय पातळी २१४ मीटर. पाणी अडलं की ते दोन्ही नद्यांच्या पात्रांत मागे सरकतं, त्यामुळे फुगवट्याला दोन लांब फाटे आहेत, एक तापीचा आणि एक पूर्णेचा. आता या फाट्यांत पाणी कुठून येतं ते पाहा. तापी मुलताईहून निघून बऱ्हाणपूरवरून येते, मेळघाटातल्या सिपना आणि गडगा तिलाच मिळतात. पूर्णा अकोला-बुलढाण्याकडून येते. पावसाळ्यात धरणाच्या बातमीत पाणलोटातल्या पावसाची जी नावं छापून येतात ती बऱ्हाणपूर, देडतलाई, चिखलदरा, गोपाळखेडा, लखपुरी, अकोला अशी असतात. त्यात एकही गाव जळगाव जिल्ह्यातलं नाही.

म्हणजे मुक्ताईनगरला टिपूर चांदणं असताना तंबूच्या दोरीला पाणी लागू शकतं. आणि उलटही होतं: वरच्या पाच जिल्ह्यांत कोरडं ठणठणीत, पण दुपारी तीनला सातपुड्यावर चढलेला एकच ढग वीस मिनिटांत फुगवट्यावर उतरतो, झोडपतो आणि निघून जातो. पातळी बोटभरही हलत नाही, कॅनो मात्र उलटलेली असते.

दोन्ही धोक्यांचं घड्याळ वेगळं आहे. आभाळाचा धोका मिनिटांचा असतो आणि तो डोळ्यांनी दिसतो. पाण्याचा धोका काही तासांपासून दिवसभराचा असतो आणि तो दिसत नाही, बहुतेकदा रात्री येतो. पहिल्यासाठी वेळापत्रक लागतं, दुसऱ्यासाठी उंची. बाकीची सगळी आखणी या दोन शब्दांभोवती फिरते.

तारीख

हस्ताला आपल्याकडे हत्ती म्हणतात आणि "पडेल हत्ती तर पाडील भिंती" ही म्हण उगाच नाही. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आसपासपर्यंत सूर्य हस्तात असतो आणि मान्सूनही साधारण त्याच सुमाराला खान्देशातून काढता पाय घेतो. त्या आधी एकट्याने पाण्यावर मुक्काम करू नये, इतकं सरळ. त्यानंतर चित्रा, मग स्वाती. मान्सून परतल्याची घोषणा झाली म्हणजे पाऊस संपला, असा अर्थ काढणं ही या हंगामातली सर्रास होणारी चूक. जमीन अजून ओली असते, ऊन ३४-३५ अंशांचं असतं, वारा पूर्वेकडून वळलेला असतो. त्या ओलाव्याला दुपारच्या उन्हाने धक्का दिला की गडगडाटी ढग बनतात, साधारण दोन ते सात या वेळात. शिवाय बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते पश्चिम-वायव्येला सरकलं, तर विदर्भ आणि बैतूल-बऱ्हाणपूरच्या अंगाला दोन-तीन दिवसांचा पाऊस ऑक्टोबरातही पडतो. तो थेट आपल्या फाट्यांत उतरतो.

नवख्याने नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा धरावा हे बरं. तेव्हा धोका उरतो तो धुक्याचा आणि रात्रीच्या गारठ्याचा. पण या प्रकरणातल्या माणसाला रजा ऑक्टोबरात आहे, तळं काठोकाठ भरलेलं असतानाच त्याला जायचं आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. त्याच्यासाठी दुरुस्ती एवढीच: सहल तीन दिवसांची, रजा चार दिवसांची. तो चौथा दिवस शेवटी ठेवायचा नाही, सुरुवातीला ठेवायचा, म्हणजे निघणं एक दिवस ढकलता येतं. जादा दिवस शेवटी ठेवणारा माणूस खराब हवेत निघतो आणि चांगल्या हवेत घरी बसतो.

कोणता फाटा, किती लांब

नकाशा पाहिला की चांगदेवहून निघून दूर कुठेतरी बाहेर पडावं, गाडी दुसऱ्याने तिकडे आणावी, असा मोह होतो. एकट्यासाठी तो वाईट बेत आहे. हवा बिघडली की पुढे जाणंच भाग पडतं, कारण गाडी पुढे असते. जाऊन-येऊन सहल कंटाळवाणी वाटली तरी तिचा फायदा मोठा: गेलेल्या प्रत्येक किलोमीटरवर कुठे चढता येतं, कुठे गाळ आहे, कुठे मासेमारांची जाळी आहेत हे माहीत झालेलं असतं.

फाटा पूर्णेचा निवडला. तापीच्या अंगाला पाण्याचा पसारा मोठा, आणि लाटेची उंची वाऱ्याइतकीच त्याला मिळणाऱ्या मोकळ्या पाण्याच्या लांबीवर ठरते. पूर्णेच्या अंगाला मुक्ताईनगरजवळ महामार्गाचा पूल आहे, म्हणजे मधूनच बाहेर पडायला रस्ता आणि माणसं आहेत. तोटा एक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. धरणाजवळ दरवाजे उघडून पातळी २१४ ला धरून ठेवता येते, पण पूर आला की फाट्याच्या वरच्या टोकाला पाण्याचा उतार चढतो आणि तिथली वाढ धरणाच्या भिंतीवरच्या मोजपट्टीत दिसत नाही. "धरणाची पातळी स्थिर आहे" हे वाक्य वर झोपलेल्या माणसाच्या कामाचं नाही. म्हणून पुलाच्या वर मुक्काम नाही, हे घरीच ठरलं.

धरणाच्या भिंतीपासून किमान दोन किलोमीटर लांब राहायचं. दरवाजे उघडताना सायरन वाजतो तो खालच्या गावांसाठी. वर जलाशयात असलेल्याला ओढ जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो.

अंतराचा हिशोब: एकटा माणूस भरलेल्या कॅनोतून शांत पाण्यावर तासाला चार किलोमीटर जातो, समोरून वारा असला की दोन. ऑक्टोबरच्या मध्यात तिथे सूर्योदय सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान, मावळती सहाच्या सुमारास. साडेसहाला पाण्यात, साडेदहाला बाहेर. चार तास, पण हिशोब साडेतीनच्याच वेगाने धरायचा आणि त्यातूनही एक तास जाळी, जलपर्णी आणि थांबण्यासाठी वजा करायचा. उरतं साधारण दहा किलोमीटर. दुपारी अकरानंतर पाण्यावर असणं हीच चूक मानायची, आभाळ कितीही निळं असो.

कॅनो आणि भार

दोन बैठकांच्या कॅनोत एकटा माणूस मागच्या बैठकीवर बसला की पुढचं टोक हवेत उचललं जातं. तेच टोक वारा दरवाजासारखं फिरवतो. दोन्ही टोकं सारखी असलेल्या कॅनोत उपाय सोपा: पुढच्या बैठकीवर उलटं, मागे तोंड करून बसायचं. त्यामुळे माणूस मध्याच्या जवळ येतो आणि जुनं मागचं टोक नवं पुढचं होतं. लाट असेल तर बैठकीवर न बसता गुडघ्यांवर. खाली स्पंजचा जाड तुकडा हवाच, नाहीतर अर्ध्या तासात पाय झिणझिणतात आणि माणूस नको त्या क्षणी वर बसतो.

भार असा: माणूस ७२ किलो, पिण्याचं पाणी १५ लिटर, बाकी सामान २४ किलो. एकूण १११. भरल्यावर कॅनोचा काठ मध्यभागी पाण्यापासून एक वीत वर राहिला पाहिजे. खरोखर हात लावून मोजायचं. पाणी पाच-पाच लिटरच्या तीन कॅनमध्ये, एका मोठ्या कॅनमध्ये नाही, कारण हेच कॅन पासंग म्हणून सरकवायचे आहेत. समोरून वारा असेल तर दोन कॅन पुढे, म्हणजे नाक वाऱ्यात टिकतं. वारा पाठीवर असेल तर दोन्ही मागे. हलकं टोक नेहमी वारा जिकडे वाहतो तिकडे ढकललं जातं, एवढं लक्षात ठेवलं की कुठला कॅन कुठे हे पाठ करावं लागत नाही. जेवणाने आणि पिण्याने पाणी कमी होत जातं, तेव्हा रिकामा कॅन तळ्याच्या पाण्याने भरून पासंगाला ठेवायचा. त्यावर लाल चिंधी बांधायची, म्हणजे तहानेत तो तोंडाला लागत नाही.

दोन्ही टोकांना पाच-पाच मीटर दोर. जादा वल्हं, हाताला येईल असं पण नीट अडकवलेलं. पाणी उपसायला तेलाचा पाच लिटरचा डबा तिरका कापून, दोरीने बांधलेला. दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या ठासून, कारण फायबरची कॅनो पाण्याने भरली की नुसतं तिच्या मर्जीवर राहता येत नाही. लाइफ जॅकेट अंगात. बैठकीखाली ठेवलेलं लाइफ जॅकेट म्हणजे उशी. आणि फोन, शिट्टी, टॉर्च हे कॅनोत नाही, अंगावर. उलटल्यावर सामान गेलं तरी चालतं, आवाज गेलेला चालत नाही.

हवा भरायच्या कॅनोबद्दल कोणी विचारलं तर: या काठांना वेडी बाभूळ आहे. काटा किती लांब असतो ते जळगाव जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

कॅनडाकडच्या शरदातल्या याद्या वाचून सामान भरणाऱ्यांची एक गंमत होते. त्या याद्यांचा सगळा धाक थंड पाण्याचा असतो. इथे ऑक्टोबरात पाणी कोमट असतं आणि माणसाला पाडतं ते ऊन. जाड कपड्यांच्या जागी पांढरं उपरणं, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि क्षारसंजीवनीची सहा पाकिटं. कोरडा जोड एकच, पण तो तिहेरी पिशवीत, कारण पहाटे दव इतकं पडतं की तंबू बाहेरून धुतल्यासारखा होतो.

शिधा झटपट: पहिल्या दिवसाला कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, पुढच्या दोन दिवसांना दशम्या (दुधात भिजवलेल्या असल्याने टिकतात), शेंगदाण्याची चटणी पाव किलो, दोन रात्रींच्या खिचडीला तांदूळ-तूरडाळ मिळून ३५० ग्रॅम, गूळ-शेंगदाणे. केळी सोबत न्यायची गरज नाही, काठावर बागाच बागा आहेत; मालकाला विचारायचं मात्र. तळ्याचं पाणी उकळूनही पिऊ नये. उकळल्याने जंतू मरतात, शेतातून आलेली औषधं तशीच राहतात.

परवानगी आणि काठावरचा माणूस

जलाशय पाटबंधारे खात्याच्या ताब्यात आहे. लेखी अर्ज, तारखा, मुक्कामाच्या जागा आणि एकटा असल्याचा स्पष्ट उल्लेख. त्याची प्रत पोलीस ठाण्यात. परवानगी नाही मिळाली तर बेत तिथेच थांबतो. हिवाळी पक्ष्यांचे थवे उतरू लागलेले असतात, त्यांच्या बेटांवर चढायचं नाही.

काठावरचा माणूस म्हणून मेव्हण्याला धरलं, तो मुक्ताईनगरात राहतो. त्याला कागदावर एवढं दिलं: मुक्कामाच्या दोन जागा, निरोपाच्या वेळा सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी साडेसहा, आणि काय केव्हा करायचं. एक निरोप चुकला तर दोन तास थांबायचं, रेंजही जाते. नंतर पुलाजवळच्या मासेमाराला फोन. दुसराही चुकला तर ११२, आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७. मेव्हण्याने कागद वाचून एकच गोष्ट विचारली, ती बरोबर होती:

"दाजी, तुम्ही ठरल्या वेळेआधी परत आलात तर कळवाल ना? नाहीतर आम्ही पाण्यावर आणि तुम्ही घरी झोपलेले."

हेही कागदावर चढलं.

निघण्याआधीचे तीन पहारे

बहात्तर तास आधी हवामान खात्याचा जिल्हानिहाय अंदाज पाहायचा तो सहा जिल्ह्यांचा: जळगाव, बऱ्हाणपूर, बुलढाणा, अकोला, अमरावती, बैतूल. अंदाजातले रंग म्हणजे इशाऱ्याच्या पायऱ्या: हिरवा म्हणजे इशारा नाही, मग पिवळा, नारिंगी, लाल असा धोका चढतो. वरच्या कुठल्याही जिल्ह्याला नारिंगी असेल तर बेत रद्द, आणि पाऊस थांबल्यानंतरही दोन दिवस नाही. वरच्या जिल्ह्यांत पिवळा असेल तर जायला हरकत नाही, पण पाण्यापासून मुक्कामाची उंची दुप्पट, १.६ ऐवजी ३.२ मीटर. जळगावलाच विजांचा पिवळा असेल तर पहिला मुक्काम निघाल्या जागेपासून तीन किलोमीटरच्या आत. सोबत हतनूरचे किती दरवाजे किती उघडले आहेत ही बातमी. दरवाजे वाढत असतील तर वरून येतंय, एवढा अर्थ त्यातून हमखास निघतो.

आपल्या प्रकरणात तीन दिवस आधी सगळं हिरवं होतं, फक्त अमरावती पिवळा. चोवीस तास आधी अकोला आणि बुलढाणाही पिवळे झाले, जळगाव हिरवाच राहिला. म्हणजे निघायचं, पण दुप्पट उंचीच्या अटीवर. तिसरा पहारा पहाटे साडेपाचला, काठावर उभं राहून: वारा किती, पूर्वेला ढग कसे, आणि तीन तासांच्या ताज्या इशाऱ्यात काय. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर हवंच. पण ॲपला रेंज लागते, कानांना लागत नाही.

हे नियम घरी, जेवल्यावर, शांत डोक्याने लिहायचे. पाण्यावर एकट्या माणसाशी वाद घालायला कोणी नसतं, त्यामुळे तो स्वतःशी नेहमीच जिंकतो.

पहिला दिवस : जागा निवडणं

सव्वादहाला कॅनो काठाला. पहिली दिसलेली जागा मोहक होती: सपाट, हिरवी, पाण्याला लागून, एका नाल्याच्या तोंडाशी. तिथे डोंग्यातून जाळं काढणाऱ्या आबांना विचारलं.

"तिथं नका झोपू भाऊ. रात्री पूर्णा फुगली तर गाळातून निघावं लागेल. त्या टेकाडावर जा, मुरूम आहे तिथं."

आबांनी एका दमात तीन गोष्टी सांगितल्या. नाल्याचं तोंड म्हणजे वरच्या शिवारातलं पाणी आधी तिथेच येणार. काळी माती ओली झाली की फुगते, तंबूच्या खुंट्या लोण्यातून निघाव्यात तशा निघतात आणि चालणाऱ्याच्या पायाला दोन-दोन किलोची ढेकळं चिकटतात. मुरमात खुंटी ठोकायला त्रास होतो, पण ती राहते. जिथे मातीच आहे तिथे एक फुटी खुंट्या आडव्या पुरून त्यावर दगड, हाच उपाय.

उंची मोजायची रीत बिनखर्चाची आहे. पाण्याच्या कडेला उभं राहायचं. अर्धी भरलेली पारदर्शक बाटली आडवी करून डोळ्यांसमोर धरायची, आतल्या पाण्याची रेघ हीच आडवी पातळी. त्या रेघेच्या सरळ जी जमीन काठावर दिसते ती आपल्या डोळ्यांइतकी उंच, म्हणजे साधारण १.६ मीटर. तिथे चालत जाऊन पुन्हा तेच केलं की ३.२ मीटर. पिवळ्या इशाऱ्यामुळे या खेपेला दुसरी खूण घेतली. वाटेत सुकलेली जलपर्णी, थर्माकोलचे तुकडे, बाटल्या यांची एक आडवी ओळ लागली. ती या हंगामातल्या सर्वांत चढलेल्या पाण्याची सही. तंबू त्या ओळीच्याही वर.

तंबूपासून अंतर मोजण्यापेक्षा उंची का मोजायची, हे एका आकड्यात कळतं. फुगवट्याचा काठ कित्येक ठिकाणी वीसाला एक उताराचा असतो. पाणी अर्धा मीटर चढलं तर ते दहा मीटर आत येतं. "पाण्यापासून पंधरा पावलं लांब" म्हणजे काहीच नाही.

कॅनो वर ओढली, पालथी घातली, दोन्ही टोकं दोन वेगळ्या बुंध्यांना बांधली. पालथी रिकामी कॅनो वाऱ्याला पंख्यासारखी सापडते आणि काठावर ठेवली तर पाण्यालाही. दोन्हींपैकी काहीही झालं तरी माणूस सकाळी नुसता तंबू घेऊन बसलेला असतो.

संध्याकाळी सहाला पाण्याच्या रेघेवर बांबूची काठी रोवली. तिच्यावर घरूनच चाकूने दोन-दोन सेंटिमीटरवर खाचा पाडलेल्या, दहाव्या खाचेला लाल दोरा. पाणी पहिल्या खाचेला टेकलेलं, हीच शून्य.

रात्री नऊला वाढ दोन सेंटिमीटर. टॉर्चच्या उजेडात खाचेभोवती पाण्याचा उंचवटा दिसतो, त्याच्या वरच्या नाही तर खालच्या कडेला वाचायचं. दोनला सात. पहाटे साडेपाचला बारा.

दुसरा दिवस : काठी काय सांगते

साडेअकरा तासांत बारा सेंटिमीटर, तासाला एक. हे घाबरण्यासारखं नाही. पण नुसती एकूण वाढ पाहायची नसते, वेग वाढतोय का ते पाहायचं: पहिल्या तीन तासांत दोन, पुढच्या पाचांत पाच, शेवटच्या साडेतीनांत पाच. तासाला ०.७, मग १, मग १.४. चढ वेग घेतोय. म्हणजे अकोल्याकडे पडलेलं अजून येतंय. घरी लिहिलेली मर्यादा तासाला पाच सेंटिमीटर होती, ती अजून लांब आहे, पण वेग दर टप्प्याला वाढत असेल तर पुढे जायचं नाही, हा दुसरा नियम लागू झाला. दुसऱ्या दिवशीची चार किलोमीटरची पुढची चाल रद्द. सात वाजता मेव्हण्याला निरोप: "इथेच आहे. पाणी १२ सें. चढलं."

पाणी चढणं त्यातल्या त्यात बरं. उतरणं जास्त फसवतं, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. वरून मोठं पाणी येणार असेल तर दरवाजे आधीच उघडून जागा केली जाते. मग सकाळी उठून पाहावं तर पाणी चाळीस-पन्नास मीटर मागे आणि मधे चकचकीत गाळ. त्यात वल्हं उभं खुपसून पाहायचं. एक फुटापेक्षा जास्त गेलं तर पाय टाकायचा नाही. एकटा माणूस मांडीपर्यंत रुतला तर ओढायला कोणी नाही. ओलांडणं भागच असेल तर कॅनो पुढे सरकवत, तिच्या काठावर छाती टाकून, वजन कॅनोवर ठेवून सरकायचं. लाकडी फळीसारखा तिचा उपयोग करायचा. पण खरा उपाय आदल्या दिवशीच होतो: उतरायला दगडी घाट, डोंगे लागायची जागा किंवा मुरमाची सोंड निवडणं.

दुपारी दोनला सातपुड्यावर ढग उभा राहिला, माथा ऐरणीसारखा पसरलेला. अडीचला पहिली चमक. मोजलं: चमक ते आवाज ३० सेकंद, म्हणजे साधारण दहा किलोमीटर. आवाजाला एका किलोमीटरला तीन सेकंद लागतात. तीस किंवा त्याहून कमी म्हणजे पाण्यावर असाल तर बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. तंबू विजेपासून वाचवत नाही, त्याच्या धातूच्या काठ्या उलट नकोच. एकटं झाड तर नाहीच, पंपाच्या लोखंडी पाइपालगत नाही. टेकाडाच्या माथ्यावरून खाली, बुटक्या सारख्या उंचीच्या झुडपांच्या पट्ट्यात, पाय जुळवून उकिडवं. पुलाजवळची पक्की इमारत अर्ध्या तासाच्या चालीत होती. अडीचला चमक दिसताच तिकडे निघणं जास्त शहाणपणाचं होतं, आणि पुढच्या आखणीत ती वाट आधीच पाहून ठेवावी.

पावसाआधी दहाएक मिनिटं गार वारा येतो, ओल्या मातीचा वास घेऊन. तोच झोत. पाण्यावर असलेल्याला हा शेवटचा निरोप असतो, पहिला नाही. तिकडे पाण्याकडे पाहिलं तर पंधरा मिनिटांत आरशाचं रूप जाऊन सगळीकडे पांढरे तुरे. तासाला वीसएक किलोमीटर वाऱ्याला तुरे दिसायला लागतात आणि उघड्या कॅनोतल्या एकट्या माणसाची हद्द तिथे संपते. झोताचा वेग त्याच्या दुपटीहून जास्त असू शकतो.

साडेचारला सगळं शांत. काठी: एकूण अठरा सेंटिमीटर. अकरा तासांत सहा. चढ मंदावला.

तिसरा दिवस

पहाटे साडेपाचला काठी एकोणिसावर. वारा नाही, पाण्यावर धुक्याची पातळ साय. जळगाव आता पिवळा, दुपारनंतर विजा. निघायची वेळ साडेसहाची होती, धुक्यामुळे पावणेआठ केली. डोंगे आणि जाळ्यांचे तरंगते डबे शंभर मीटरवरून दिसत नसतील तर निघायचं नाही. पाणी चढल्यामुळे काल कोरड्या असलेल्या पंपांच्या केबली आज पाण्याखाली होत्या. मोटारींच्या जागा येताना नकाशावर टिपल्या होत्या, त्यांच्यापासून वीस मीटर लांबून वाट काढली. केबल दिसत नसेल तर ती आहे असं धरायचं.

काठ कोणता धरायचा? पूर्वेचा हलका वारा आठनंतर सुटतो, म्हणून पूर्वेचा काठ. वारा जिथून येतो त्या काठाला लागून पाणी सपाट असतं. अडचण एकच: त्या काठाजवळ उलटलो तर वारा कॅनोला मधल्या पाण्यात ढकलतो. तेव्हा कॅनो सोडायची नाही, दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, हातात धरायचा. उलटून परत चढायचा सराव निघण्याआधी जळगावच्या मेहरूण तलावासारख्या ओळखीच्या पाण्यात, सोबत माणूस उभा करून, भरलेल्या कॅनोने केलेला असावा. रिकाम्या कॅनोचा सराव खोटा असतो.

सव्वादहाला गाडीजवळ. बारा वाजता नव्हे, तिथूनच लगेच मेव्हण्याला निरोप. कॅनोच्या तळाला काळी माती ओली असतानाच धुवायची. उन्हात सुकली की सिमेंट, आणि पुढच्या खेपेला दीड-दोन किलो फुकटचं वजन. तंबू घरी जाऊन पुन्हा उघडायचा. खुंट्या मोजल्या तेव्हा दहापैकी नऊच निघाल्या; एक मुरमात राहिली. वहीत काठीचे सगळे आकडे तारखेसह उतरवले, शेजारी त्या दिवसांचे अकोला-बऱ्हाणपूरच्या पावसाचे आकडे लिहायला जागा मोकळी सोडली.